नव्या मातीतील छाटकलमे

छाटकलमांना मुळे फुटली की आपले काम संपले, अशी समजूत हौशी बागप्रेमींमध्ये सर्वत्र आढळते. वास्तविक पाहता शेवंतीसारख्या मऊ देठाच्या झाडांच्या बाबतीत वाळूत मुळे फुटणे हा तुलनेने सोपा भाग होय. जून-जुलैच्या दमट हवेत निरोगी शेंड्यांच्या बहुतेक छाटांना दोन ते तीन आठवड्यांत मुळे येतात. त्यानंतर ही रोपे वाळूतून उचलून मातीच्या कुंडीत लावली जातात, आणि पुढील आठ-दहा दिवसांत त्यांपैकी कित्येक माना टाकतात. वाळूत जे तगले ते मातीत का मरावे, हे कोडे पडते. आणि एखाद्या जुन्या वाणाची दोन-चारच रोपे हाती असली तर या आठ-दहा दिवसांत त्या वाणाचे बागेतील अस्तित्वच पणास लागते.

शेवंतीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. मूळची चीनमधील ही वनस्पती आज भारतभर घराघरांत पोहोचली आहे. उत्तरेत तिला गुलदाउदी म्हणतात, बंगालमध्ये चंद्रमल्लिका, कर्नाटकात सेवंतिगे. आजचे वाण अनेक संकरांतून निर्माण झालेले असल्यामुळे बियांपासून वाढवलेली रोपे आईसारखी निघत नाहीत. रंग व आकार जसाच्या तसा राखावयाचा तर मुनवे किंवा छाटकलमे यांचाच आश्रय करावा लागतो. एकाच झाडापासून अशा रीतीने मिळालेल्या समस्त संततीस 'क्लोन' असे नाव हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये सुचविले. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ डहाळी असा आहे. (आपला 'कलम' हा शब्द अरबी-फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थ बोरू. दोन्ही शब्दांचा उगम काडीतच असावा, ही गंमत खरी.)

या शास्त्रीय संज्ञेतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. एका झाडाच्या दहा छाटांपासून तयार झालेली दहा रोपे आनुवंशिक दृष्ट्या एकच झाड होत. त्यांपैकी सात तरतरीत राहिली आणि तीन कोमेजली, तर बियाण्यास दोष देण्याची सोय उरत नाही. फरक पडला तो छाट कोठून घेतली, मुळे किती दुखावली, कुंडीत माती कोणती होती व पाणी किती घातले यांमुळे. अपवाद करावा लागतो तो रोगाचा, आणि त्याविषयी पुढे सांगितले आहे.

आता रोपाच्या शरीरात काय घडते ते पाहू. १७२७ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्लिश धर्मोपदेशकाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड त्याने कुंडीत वाढविले, कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि दिवसातून दोनदा तिचे वजन करण्याचा क्रम कित्येक दिवस चालविला. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे अधिक पाणी पानांवाटे हवेत सोडीत होते. झाड पाणी पिते त्याचा फारच थोडा अंश अंगी लागतो. बाकीचे बाष्पोच्छ्वासाच्या रूपाने निघून जाते. ही उधळपट्टी झाडास परवडते ती मुळांच्या जोरावर. १९३७ मध्ये हॉवर्ड डिटमर या अमेरिकन शास्त्रज्ञाने राय या तृणधान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळे धुऊन मोजली. त्यांची एकूण लांबी सुमारे ६२० किलोमीटर भरली. मुळांवरील केसांसारखे सूक्ष्म तंतू, ज्यांना मूलरोम म्हणतात, ते सुमारे १४ अब्ज होते आणि ते एकापुढे एक ठेवल्यास दहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर भरले असते. मातीच्या कणांभोवतीची पाण्याची पातळ साय मिळविण्याचे काम प्रामुख्याने हे मूलरोमच करतात.

वाळूच्या वाफ्यातून उचललेल्या छाटकलमास दोन-तीन सेंटिमीटर लांबीची पाच-दहा मुळे असतात. उचलताना वाळू झडते, आणि वाळूस बिलगलेले मूलरोम तिच्याबरोबरच तुटून जातात. मुळे वरकरणी शाबूत दिसतात, परंतु त्यांची पाणी ओढण्याची शक्ती बरीचशी नाहीशी झालेली असते. बाटलीतील पाण्यात फुटलेल्या मुळांची स्थिती याहूनही नाजूक असते. ती ठिसूळ असून त्यांवर मूलरोम जवळजवळ नसतातच. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पानेही अननुभवी असतात. दमट, झाकलेल्या हवेत वाढलेल्या पानावरील मेणचट आवरण पातळ राहते, आणि पाण्याची वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, म्हणजे त्वग्रंध्रे, कोरड्या हवेत चटकन मिटण्यास शिकलेली नसतात. थोडक्यात, खर्च चालूच आहे आणि मिळकत थांबली आहे, असा हा प्रकार असतो. नवीन मूलरोम येईपर्यंत रोपाने तग धरावी, यासाठी आपण दोन गोष्टी करू शकतो: पानांचा खर्च कमी करणे आणि नव्या मुळांना वाढण्यास योग्य जागा देणे. मिळकत वाढविण्याचा तिसरा उपाय मात्र आपल्या हाती नसतो. नेमका तोच करण्याचा मोह सर्वांना होतो.

पान मलूल दिसताच हात झारीकडे जातो. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. कोमेजलेल्या झाडास तहान लागली आहे हे अनुमान चुकीचे नसते, पण पाणी मातीत नाही म्हणून त्यास तहान लागली आहे हे गृहीत धरणे चुकीचे असते. मुळे जिवंत आहेत. त्यांना श्वासोच्छ्वास करावा लागतो आणि त्यासाठी मातीतील पोकळ्यांत हवा असावी लागते. पाण्याने सर्व पोकळ्या भरल्या की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, ती पाणी ओढण्याचे थांबवितात आणि पाण्यात उभे राहूनही रोप तहानेने कोमेजते. ते पाहून माळी आणखी पाणी घालतो. मातीत ओल आहे, पण चिखल नाही, हवा आहे, पण कोरडेपणा नाही, अशा अवस्थेस मराठी शेतकरी 'वाफसा' म्हणतो. इतका नेमका शब्द इतरत्र क्वचितच आढळेल. कुंडीतील रोपास सतत वाफसा मिळवून देणे हेच या संगोपनाचे मर्म होय.

शेतात वाफसा येणे सोपे, कुंडीत अवघड. याचे कारण एका साध्या प्रयोगाने समजते. आंघोळीचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून दोन्ही हातांवर आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तो उभा करावा. त्यातून पुन्हा पाण्याची धार सुटते. स्पंज तोच, पाणीही तेच. बदलली ती फक्त उंची. मातीचेही असेच आहे. खाली भोक असूनही कुंडीच्या तळाशी मातीचा एक थर पाण्याने भरलेला राहतो, आणि उथळ कुंडीत त्या थराचे प्रमाण साहजिकच मोठे असते. उलट, चिमुकले रोप मोठ्या कुंडीत लावले तर मुळे पोहोचलेली नाहीत अशी बरीच माती दिवसानुदिवस ओलीच राहते आणि आंबू लागते. म्हणून पहिली कुंडी लहान हवी. दहा सेंटिमीटर व्यासाची पुरे. जुन्या पुस्तकांत तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर देण्यास सांगितलेले असते. निचरा वाढावा हा त्यामागील हेतू. परिणाम उलटा होतो. बारीक कणांच्या मातीतून जाड खडीत पाणी तेव्हाच उतरते जेव्हा वरची माती पूर्ण भिजलेली असते. त्यामुळे चिखलाचा थर नाहीसा होत नाही, केवळ वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा पालथा ठेवला म्हणजे झाले.

मातीच्या मिश्रणाविषयी प्रत्येक माळ्याचे स्वतंत्र शास्त्र असते, आणि ते तो सहसा कोणास सांगत नाही. इंग्लंडमध्येही हीच स्थिती होती. १९३० नंतरच्या दशकात जॉन इनिस उद्यानविद्या संस्थेतील लॉरेन्स व नेवेल या दोघांनी रोपे मरण्याच्या कारणांचा छडा लावण्यासाठी प्रयोगांची मालिकाच हाती घेतली आणि अखेरीस सर्व झाडांना बव्हंशी चालेल असे एकच मिश्रण सुचविले: सात भाग पोयटा, तीन भाग पीट आणि दोन भाग जाड वाळू. त्यांचा आग्रह प्रमाणापेक्षाही पोयटा उष्णतेने निर्जंतुक करण्यावर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे पीट सहजासहजी मिळत नाही. त्याची उणीव पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत भरून काढते. पहिल्या कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पानांचे चाळलेले खत एवढे पुरेसे आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरावयाचा असल्यास तो प्रथम दोन-तीनदा धुवून घ्यावा, कारण त्यात क्षार असतात. निर्जंतुकीकरणासाठी वाफेची भट्टी नको. १९७६ मध्ये इस्राएलमधील जाकोब कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या मातीवर पारदर्शक पॉलिथीन अंथरून सूर्याच्या उष्णतेने रोगजंतू मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एप्रिल-मेमधील आपले ऊन या कामी फुकट मिळते. चार ते सहा आठवडे माती अशी झाकून ठेवावी.

या मिश्रणात शेणखत, पेंड वा रासायनिक खत घालू नये. हा नियम अनेकांना कठोर वाटतो. परंतु खत म्हणजे शेवटी क्षार, आणि मातीतील पाण्यात क्षार वाढले की तेच पाणी मुळांना ओढणे अधिक जड जाते. आधीच दुबळ्या मुळांपुढे आपण आणखी एक चढ उभा करतो. अर्धवट कुजलेले शेणखत तर कोवळी मुळे जाळूनच टाकते.

लावणी संध्याकाळी करावी. वाळूचा वाफा तासभर आधी भिजवून पातळ पाटीने रोप खालून उचलावे, देठाला धरून ओढू नये. धरावयाचेच असेल तर पानाला धरावे. पान गेले तर दुसरे येते, देठ चेंगरला तर रोप जाते. वाफ्यात जेवढे खोल होते तेवढेच कुंडीत ठेवावे, माती भोवती सोडावी आणि कुंडी जमिनीवर एक-दोनदा हलकेच आपटावी. अंगठ्यांनी दाबून माती घट्ट करण्याची सवय वाईट. ज्या पोकळ्यांसाठी एवढा खटाटोप केला त्याच त्यामुळे बुजतात. नंतर बारीक छिद्रांच्या झारीने तळातून पाणी निघेपर्यंत एकदा सावकाश भिजवावे.

एकदा भिजविल्यानंतर थांबण्याचे धैर्य लागते. शेतात लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलके पाणी देतात, त्यास आंबवणी म्हणतात. सावलीतील कुंडीसही बहुधा तोवर दुसरे पाणी लागत नाही. मात्र दिवस मोजण्यापेक्षा कुंडी उचलून पाहावी. नुकत्याच भिजविलेल्या आणि कोरड्या होत आलेल्या कुंडीच्या वजनातील फरक हाताला आठवडाभरात ओळखू येतो. हेल्सने तराजूने जे केले तेच हे. रोप या काळात तरतरीत ठेवावयाचे ते माती भिजवून नव्हे, तर हवा दमट ठेवून. कुंड्या एकमेकींजवळ मांडाव्या, भोवतालची जमीन शिंपावी, दुपारी पानांवर बारीक तुषार द्यावा. काडीच्या आधाराने पॉलिथीनची पिशवी उलटी घातली तरी चालते. परंतु अशी कुंडी क्षणभरही थेट उन्हात ठेवू नये, कारण आतील हवा भट्टीसारखी तापते. तिसऱ्या दिवसापासून पिशवीचे तोंड थोडे थोडे उघडत जावे आणि आठवड्याअखेर ती काढून टाकावी. ती एकदम काढणे म्हणजे पुन्हा पहिल्या दिवशी येणे होय.

देशाच्या निरनिराळ्या भागांत शत्रू निरनिराळा असतो. दिल्ली-लखनौकडे पाऊस लांबला तर लू वाहत असते. तेथे उन्हापेक्षा वारा अधिक घातक ठरतो, म्हणून पश्चिमेकडून तट्ट्याचा आडोसा हवा. कोकण, केरळ व बंगाल येथे हवेत ओलावा मुबलक. तेथे पिशवीची गरज नाही, पण संततधारेपासून कुंड्या वाचविल्या पाहिजेत. बंगळूर किंवा पुण्यासारख्या सौम्य हवेत नुसती झाडाची विरळ सावली पुरते. एकच पुस्तक वाचून सर्वांनी एकच उपाय करावा, अशी परिस्थिती नाही.

रोप कोमेजलेले दिसल्यास निदान कसे करावे? दुपारी नव्हे, पहाटे पाहावे. दुपारी मान टाकलेले आणि पहाटे ताठ उभे असलेले रोप रात्रीच्या विश्रांतीत आपली तूट भरून काढत आहे. त्यास केवळ सावली द्यावी, दुसरे काही करू नये. पहाटेही जे वाकलेलेच आहे त्याच्या कुंडीत बोट घालावे. माती कोरडी असल्यास पाणी द्यावे. दुपारपर्यंत ते सावरते. माती ओली असूनही पहाटे रोप वाकलेले असेल, तर मात्र ते संकटात आहे. कुंडी पालथी करून मातीचा गोळा हातावर घ्यावा. मुळे पांढरी व करकरीत असतील तर तो गोळा जुन्या विटेवर किंवा वर्तमानपत्राच्या घडीवर काही तास ठेवावा, म्हणजे जादा पाणी शोषले जाईल. मुळे तपकिरी व बुळबुळीत असतील, ओढताच साल निघून येऊन आतला दोरा तेवढा हाती राहत असेल, तर ती पिथियमसारख्या कवकाने कुजली आहेत. या कवकाची बीजके पाण्यात पोहतात, हे कळले म्हणजे तुंबलेले पाणी त्यांना किती सोयीचे असते ते सांगावे लागत नाही. असे रोप वाचविण्याचा नाद सोडावा. पण वाण वाचविता येतो: शेंडा अजून हिरवा व टणक असल्यास तेवढा तीक्ष्ण पात्याने कापून, धुतलेल्या वाळूत पुन्हा लावावा. उशीर झाला तर शेंडाही जातो, म्हणून हा निर्णय त्याच पहाटे घेतला पाहिजे.

बाजारात रोपांना उभारी देणारी औषधे अनेक मिळतात. त्यांपैकी ब-१ जीवनसत्त्वाची कथा बोधप्रद आहे. १९३७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जेम्स बॉनर यांना असे दिसले की झाडापासून तोडून काचेच्या भांड्यात वाढविलेल्या मुळांना हे जीवनसत्त्व लागते. लगेच ते स्थलांतरित रोपांवरील रामबाण उपाय म्हणून विकले जाऊ लागले. पुढील काही वर्षांत झालेल्या प्रयोगांवरून स्पष्ट झाले की पाने असलेले अखंड झाड हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करते आणि वरून घातल्याने काही लाभ होत नाही. बाटल्यांची विक्री मात्र थांबली नाही. मुळे फुटण्यासाठी छाटाच्या बुडास लावावयाची संप्रेरके ही निराळी गोष्ट. ती उपयुक्त आहेत, पण मुळे फुटल्यानंतर त्यांचे काम संपलेले असते.

खालची एक-दोन पाने पिवळी पडून गळाली तर घाबरू नये. रोप जुन्या पानांतील नत्र काढून शेंड्याकडे पाठविते. पाहावयाचे ते शेंड्याकडे. शेंडाच फिकट, पाने बारीक आणि रोप खुरटे राहून मुळे मात्र निरोगी असतील, तर संशय मातृवृक्षाचा घ्यावा. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शेवंतीच्या बागांत असा खुरटेपणा झपाट्याने पसरला होता. त्याचे कारण विषाणूहूनही लहान असा व्हायरॉइड नावाचा घटक आहे, हे पुढे कळले. तो छाटांतून आणि छाटणीच्या सुरीवरून पसरतो. त्यावर औषध नाही. असे रोप जाळून टाकावे आणि सुरी स्वच्छ केल्यावाचून दुसऱ्या झाडास लावू नये.

सर्व ठीक असल्यास आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास शेंड्यावर नवे पान उलगडते. त्याचा हिरवा रंग जुन्या पानांहून ताजा असतो, आणि कुंडी पूर्वीपेक्षा लवकर हलकी होऊ लागते. रोप आता स्वतः पाणी पीत आहे. येथून सकाळचे ऊन थोडे थोडे वाढवावे, आठवड्याने अगदी पातळ द्रवखत द्यावे, आणि मुळे गोळ्याच्या कडेने दिसू लागली की पंधरा सेंटिमीटरच्या कुंडीत हलवावे. या वेळी मातीचा गोळा मोडत नाही, म्हणून पहिल्यासारखा धक्का बसत नाही. फांद्या फुटाव्यात यासाठी शेंडा खुडावयाचा तोही नवी वाढ निश्चित झाल्यावरच. कोमेजलेल्या रोपाचा शेंडा खुडणे म्हणजे जे एकमेव अंग काम करीत आहे तेच तोडणे.

या दिवसांची एवढी किंमत का, याचे आणखी एक कारण आहे. गार्नर व अॅलर्ड यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की अनेक वनस्पतींचा फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो. शेवंती त्यांपैकीच. रात्र पुरेशी लांबली की ती कळ्या धरते, मग रोप मोठे झालेले असो वा नसो. जुलैत सावरण्यास तीन आठवडे लागलेल्या रोपास नोव्हेंबरात ते तीन आठवडे परत मिळत नाहीत. अशी मागे राहिलेली रोपे मोठ्या कुंडीत नेऊ नयेत. पंधरा सेंटिमीटरच्याच कुंडीत ठेवून, शेंडा न खुडता, बाजूच्या कळ्या लहान असतानाच काढून टाकाव्या आणि टोकाची एकच कळी राखावी; झाड लहान राहते, पण त्यावर वाणाचे पूर्ण आकाराचे फूल येते, आणि फुलोरा सरल्यावर बुडातून फुटणारे मुनवे पुढील वर्षासाठी हाती राहतात.